कूलरला हात लावताच झिणझिण्या येतात : न्यूट्रल आणि अर्थ यांतला फरक

आपल्या नागपूरच्या घरातील लोखंडी कूलरला हात लागताच झिणझिण्या येतात आणि मिस्त्री सॉकेटच्या आतच न्यूट्रल अर्थच्या पिनेला जोडून द्यायला तयार आहे, ते चालेल का, असे आपण विचारले आहे. ते चालणार नाही. दुरुस्ती होईपर्यंत कूलरचा प्लग काढूनच ठेवावा, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

न्यूट्रल ही रोज काम करणारी वायर आहे. अर्थची वायर एरवी रिकामी असते, पत्र्यावर चुकून आलेला प्रवाह जमिनीत नेणे एवढेच तिचे काम. फेजमधून, म्हणजे वीज आणणाऱ्या वायरमधून, आलेला प्रवाह मोटरमधून जाऊन न्यूट्रलमधून परततो. ट्रान्सफॉर्मरपाशी ती जमिनीला जोडलेली असल्याने एरवी तिच्यावर जवळजवळ शून्य व्होल्टेज असते, म्हणून ती अर्थच्या जागी चालेल असा समज होतो. परंतु मीटर आणि सॉकेट यांच्यामध्ये ती कुठेही तुटली, की मोटरच्या वाइंडिंगमार्गे २३० व्होल्ट कूलरच्या पत्र्यावर येतात. कूलर बंद पडलेला दिसतो आणि काय बिघडले ते पाहायला घरातले कोणी नेमका त्याच पत्र्याला हात लावते.

ओल्या शरीराचा रोध १,००० ओहमच्या आसपास धरला, तर ओहमच्या नियमाने २३० मिलिअँपिअर प्रवाह वाहील. झिणझिण्या सुमारे १ मिलिअँपिअरलाच जाणवतात, १० च्या पुढे स्नायू आखडून पकड सुटत नाही आणि ५० ते १०० मिलिअँपिअर हृदयाची लय बिघडवू शकतात. एमसीबी, म्हणजे प्रवाह फार वाढल्यास पुरवठा तोडणारा स्विच, मात्र १६ अँपिअरची असते. तिच्या लेखी हा प्रवाह नगण्य आहे.

मग केवळ चांगले अर्थिंग पुरेल का? आपल्या भागात, माझ्या मते, नाही. काळी माती नवतप्यात, म्हणजे मेअखेरच्या कडक उन्हाच्या दिवसांत, कोरडी पडून भेगाळते आणि तिचा रोध वाढतो, म्हणजे कूलर दिवसरात्र चालतात त्याच दिवसांत अर्थिंग सर्वांत कमजोर असते. अर्थची वायर जिथे जमिनीत पुरलेली असते त्या खड्ड्याचा रोध २० ओहम झाला, तर फेज पत्र्याला पूर्ण टेकूनही सुमारे ११.५ अँपिअरच वाहतील, आणि १६ अँपिअरची एमसीबी तेवढ्याने पडण्याची खात्री नाही. खड्ड्यात नियमित पाणी घालावेच, पण त्यासोबत ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी बसवावी. ती फेजमधून गेलेला आणि न्यूट्रलने परतलेला प्रवाह यांची सतत तुलना करते आणि फरक पडताच क्षणार्धात पुरवठा तोडते. मिस्त्रीची युक्ती इथेही घातक ठरते, कारण पत्र्यावर गळणारा प्रवाह न्यूट्रलमधूनच परतला तर आरसीसीबीला फरक दिसणारच नाही.

गळती कुठून होते, हे आधी शोधायला हवे. पाण्यात बुडालेल्या पंपाची केबल आणि तिचे सांधे प्रथम तपासावेत, नंतर ओल लागलेली मोटर. कूलरला दोनच तारांची केबल असेल तर ती बदलून तीन तारांची घालावी, तिसरी तार पत्र्याला स्क्रूने घट्ट जोडावी, आणि सॉकेटची अर्थ पिन खरोखर खड्ड्यापर्यंत पोहोचते का, हे परवानाधारक तंत्रज्ञाकडून मोजून घ्यावे. आरसीसीबीवरचे टेस्ट बटण महिन्यातून एकदा दाबून पाहावे. टाकीत पाणी भरताना स्विच बंद करण्यावर थांबू नये, प्लग काढावा. वायरिंगमध्ये फेज-न्यूट्रल उलटे जोडलेले असतील, तर स्विच बंद असूनही फेज मोटरपर्यंत पोहोचलेली असते.