कूलर रिकामा केला, तरी अळ्या कुठून आल्या?

प्रश्न : आम्ही इंदूरला रामबागेत राहतो. नर्मदेचं पाणी एक दिवसाआड येतं, त्यामुळे अंगणातला हौद कायम भरलेला. कूलरची टाकी मी दर रविवारी रिकामी करते, तरी बुधवार-गुरुवारी पाण्यात अळ्या वळवळतातच. जवळ नाला नाही, गल्ली रोज झाडली जाते. मग या येतात कुठून? आणि मे महिन्यात मरत कशा नाहीत?

उत्तर : ताई, नाल्याला आधी निर्दोष सोडा. गटारात, सेप्टिक टँकमध्ये वाढतो तो क्युलेक्स जातीचा डास. तुमच्याकडचा बहुधा एडिस इजिप्ती, डेंग्यूचा. त्याला घरातलं, सावलीतलं, साठवलेलं स्वच्छ पाणीच आवडतं. इंदूरचा स्वच्छतेत 2017 पासून वरचा नंबर आहे, त्याचा मलाही अभिमान आहे, पण झाडलेल्या रस्त्याशी या डासाला काही देणंघेणं नाही.

खरी मेख अंड्यांत आहे. ही मादी अंडी पाण्यात सोडत नाही. पाण्याच्या रेषेच्या जरा वर, टाकीच्या ओलसर भिंतीला एकेक करून चिकटवते. काळी, खसखशीहून बारीक. तुम्ही पाणी ओतता तेव्हा अळ्या जातात, अंडी जागच्या जागी. टाकी पुन्हा भरली की ती बुडतात, पाण्यात जिवाणू वाढून ऑक्सिजन उतरू लागतो आणि तोच आतल्या अळीला बाहेर पडायचा इशारा ठरतो. बरं, सगळी एकदम फुटत नाहीत. काही पुढच्या भरण्याची वाट पाहतात, आणि कोरडी पडली तरी कित्येक महिने जिवंत राहतात. दिवाळीआधी माळ्यावर टाकलेला कूलर एप्रिलमध्ये खाली येतो तो अंडी घेऊनच.

तेव्हा नुसतं ओतू नका, घासा. खरखरीत ब्रश घेऊन पाण्याच्या खुणेच्या चार बोटं वर नि खाली, सगळे कोपरे. माळ्यावर ठेवतानाही हेच. आणि तुमचा रविवार वाया जातो असं समजू नका. ऐन गरमीत अंडं फुटल्यापासून डास उडेपर्यंत साधारण आठ-दहा दिवस जातात, त्यामुळे बुधवारी दिसलेली अळी रविवारी पाण्याबाहेर उडालेली नसते. ते पाणी मोरीत न ओतता उन्हातल्या कोरड्या मातीवर ओता.

उन्हाचं म्हणाल, तर हवेत 42 अंश असले तरी बाष्पीभवनामुळे कूलरचं पाणी थंड राहतं. अळ्यांना 25 ते 30 अंश मानवतात. उलट गच्चीवर भर उन्हात पडलेल्या पत्र्याच्या डब्यातलं पाणी चाळिशीपार गेलं की अळ्या तग धरत नाहीत. जुलैत मात्र त्याच डब्याकडे लक्ष ठेवा. ढगाळ हवा, पावसाचं पाणी आणि त्यात कुजणारी कडुनिंबाची चार पानं! अळ्या मुख्यतः त्या कुजीवर वाढणाऱ्या जिवाणूंवर पोसतात. अन्न कमी आणि गर्दी जास्त झाली तर वाढ रेंगाळते, डासही लहानखुरे निघतात.

हौदातलं पाणी एकदा पांढऱ्या वाडग्यात घेऊन बघा. हाताची सावली पडताच अळ्या वळसे घेत तळाशी जातात. थोड्या वेळानं श्वासासाठी शेपटीकडून वर येतात नि डोकं खाली करून लटकतात. एखादी पृष्ठभागाला समांतर, आडवी पडलेली दिसली तर ती अ‍ॅनोफिलिस, मलेरियाच्या डासांच्या जातकुळीची. शहरात यातला स्टेफेन्सी टाक्या-विहिरींत वाढतो. मुंबईच्या मलेरियाची तपासणी करून बेंटली या ब्रिटिश डॉक्टरांनी 1911 मध्ये अहवाल दिला, तेव्हा विहिरी झाकायला सांगितलं होतं.

प्रश्न : हौदात गप्पी मासे सोडले तर चालतील? कूलरमध्येही?

उत्तर : वापरायच्या पाण्याच्या हौदात चालतील, अळ्या ते आवडीनं खातात. हौद धुताना मासे बादलीत काढून ठेवायला मात्र विसरू नका. कूलरमध्ये नको, तिथे आठवड्याला पाणी बदलायचंच आहे. आणि वाढलेले मासे तलावात किंवा खान नदीत नेऊन सोडू नका. आपल्याकडच्या बेडकांची अंडी आणि स्थानिक माशांची पिल्लं त्यांच्या तोंडी जातात. शेजाऱ्यांच्या हौदात द्या.