शिंगांसाठी, मांसासाठी की संख्या आटोक्यात ठेवण्यासाठी: हरणांची शिकार कधी योग्य ठरते का?

तुम्ही लिहिलंय की परदेशातल्या मित्राने शिकारीला बोलावलंय, परवाना वगैरे सगळं कायदेशीर आहे, तरी मन घेत नाही. आणि मित्राचं म्हणणं, "हरणं फार झालीत, कुणीतरी मारायलाच हवीत." हेच वाक्य मी गेली अकरा वर्षं एका माणसाच्या तोंडून ऐकतेय, म्हणून लिहायला बसले.

मी काही वर्षं अशा देशात नोकरीला होते जिथे परवान्यावर हरणं मारता येतात. आमच्या ओळखीत एक जण होता, तिथेच स्थायिक झालेला, वयाने मोठा. सगळे त्याला दादा म्हणायचे. एका नोव्हेंबरात मी त्याच्यासोबत गेले. त्याच्याकडे एक नर आणि दोन माद्या मारायचा परवाना होता. दुपारी एक मादी शंभर पावलांवर आडवी उभी राहिली. वारा आमच्याकडे, मागे टेकडीचा उतार, म्हणजे नेम चुकला तरी गोळी मातीत जाणार. दादाने रायफल उचललीसुद्धा नाही. संध्याकाळी उजेड जवळजवळ संपला असताना पलीकडच्या उतारावर मोठ्या शिंगांचा नर दिसला. लांब होता, चालत होता. तेव्हा मात्र त्याने चाप ओढला.

नर उसळून पळाला नाही. त्याच्या पाठीची कमान झाली, मान खाली गेली, आणि तो सावकाश चालत झुडपांत शिरला. दादा म्हणाला, "चुकली गोळी." आम्ही तिथे जाऊन पाहिलं. रक्त फारसं नव्हतंच. थोडे केस होते, आणि गवताला काहीतरी हिरवट, चघळल्यासारखं चिकटलं होतं. मी बोटावर घेऊन वास घेतला. रवंथाचा आंबूस वास. गोळी फुप्फुसात बसली तर गुलाबी, फेसाळ रक्त पडतं आणि जनावर थोड्याच अंतरावर कोसळतं. पोटात बसली तर ते तासन्‌तास जिवंत राहतं. हे मी नंतर शिकले, पण दादाला वीस वर्षांच्या अनुभवाने माहीतच असणार. तो म्हणाला अंधार झालाय, उद्या ऑफिस आहे, चल.

पोटात गोळी लागलेल्या जनावराच्या मागे लगेच धावू नये, ते आणखी लांब जातं, हे खरं. पण काही तास थांबून माग काढणं वेगळं आणि घरी जाऊन जेवून झोपणं वेगळं.

मला झोप लागली नाही. पहाटे मी तिथल्या वनखात्याच्या एका माणसाला फोन केला, तो माग काढणारा कुत्रा घेऊन आला. हरीण ओढ्याकाठी सापडलं. आसपासची माती खुरांनी खरवडलेली. कुत्रा थांबला तशी हरणाने मान उचलून आमच्याकडे पाहिलं. पंधरा तास झाले होते. त्या माणसाने जवळ जाऊन एका गोळीत संपवलं. पोटातली घाण सगळीकडे पसरल्यामुळे मांस टाकून द्यावं लागलं. मग दादा आला, डोकं कापून घेऊन गेला. ते आज त्याच्या दिवाणखान्यात आहे. पाहुण्यांना तो सांगतो की जंगल वाचवायचं तर हे करावं लागतं.

माझा सगळा राग या वाक्यावर आहे. हरणांची संख्या नर मारून कमी होत नाही. एक नर अनेक माद्यांना पुरतो; दहातले पाच नर मारले तरी पुढच्या वर्षी पाडसं जवळपास तेवढीच. संख्या खाली आणायची तर माद्या माराव्या लागतात, आणि रेनडिअर सोडलं तर मादीला शिंगं नसतात, म्हणून ती भिंतीवर कुणी लावत नाही.

संख्या कमी करणंच चूक आहे, असं मात्र मी म्हणणार नाही. "निसर्ग बघून घेईल" म्हणणाऱ्यांनी अलास्काजवळच्या सेंट मॅथ्यू बेटाची गोष्ट वाचावी. १९४४ साली तिथे २९ रेनडिअर सोडले. शिकारी प्राणी एकही नाही. १९६३ पर्यंत ते सहा हजारांच्या घरात गेले, हिवाळ्यात ज्या दगडफुलावर जगायचे ते खाऊन संपवलं, आणि १९६६ साली जिवंत मोजले ते ४२. बाकीचे उपाशी मेले. लांडगे परत आणता येत असतील तर आणावेत, अमेरिकेतल्या यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानात १९९५ पासून आणले. पण वस्तीला लागून असलेल्या रानात कुणी लांडगे सोडू देणार नाही. गर्भनिरोधक इंजेक्शनं लहान, बंदिस्त कळपांत चालतात, मोकळ्या डोंगरावर कुणाकुणाला पुन्हापुन्हा टोचणार?

त्या प्रसंगानंतर दोन हिवाळे मी माद्या मारणाऱ्या पगारी माणसांसोबत ओझी वाहायला गेले. त्यांचा एक नियम ऐकून मी आधी हादरले होते: आईला मारलं तर तिच्यावर अवलंबून असलेलं पाडसही तिथेच मारायचं, कारण एकटं राहिलं तर ते हिवाळा काढण्याची शक्यता कमी. नेम शंभर टक्के नसेल तर गोळी झाडायची नाही. कितीतरी दिवस ते रिकाम्या हाताने परतले. ते काम मला कधीच आवडलं नाही, पण त्या माणसांचा मी आदर करते.

मांसासाठी म्हणाल तर माझी हरकत नाही, पोल्ट्रीतली कोंबडी खाणाऱ्याने तर मुळीच घेऊ नये. फक्त गोळी शिशाची नको, तिचे बारीक कण जखमेपासून लांबवर मांसात जातात, तांब्याची घ्यावी.

आता माझ्या विरोधात जाणारी गोष्टही सांगते. पाकिस्तानात मारखोरच्या (हा रानबोकड, हरीण नव्हे) ट्रॉफी परवान्यांचे ८० टक्के पैसे स्थानिक लोकांना मिळतात, आणि तिथे मारखोर वाढलेत. म्हणजे शिंगांच्या हौसेतूनही कधी भलं होतं. शिवाय हे सगळं परदेशाबद्दल. भारतात १९७२ च्या कायद्याने शिकार बंद आहे, पिकांची नासाडी वगैरे कारणांसाठी वनखात्याची लेखी परवानगी लागते.

मित्राला दोन गोष्टी विचारा. परवाना नराचा आहे की मादीचा? आणि हरीण जखमी होऊन पळालं तर मागावर कोण जाणार, कुत्रा आहे का? उत्तर द्यायला तो अडखळला तर जाऊ नका.

दादाच्या भिंतीवर त्या शिंगांखाली पितळी पट्टी आहे, तिच्यावर तारीख कोरलेली आहे. ती गोळी झाडल्याच्या दिवसाची आहे. हरीण मेलं दुसऱ्या दिवशी सकाळी. तारीख बदलून घे, असं मी त्याला तीनदा सांगितलंय.