आठ दिवसांत बाळाचे वजन घटले का?

रुग्णालयाच्या प्रसूती विभागात समुपदेशन करताना गरोदरपणाच्या शेवटच्या दोन महिन्यांत वारंवार कानावर येणारी एक काळजी म्हणजे सोनोग्राफीच्या अहवालातले वजन. मागच्या पावसाळ्यात पहिलटकरीण असलेली एक तरुणी सासूबाईंसोबत आली, तेव्हा तिच्या हातात दोन अहवाल होते आणि दोन्हींवरचा वजनाचा आकडा निळ्या पेनाने गोल करून ठेवलेला होता. 35 आठवडे 1 दिवस झाले असताना 2480 ग्रॅम आणि आठ दिवसांनी, माहेरच्या गावातील दुसऱ्या केंद्रात, 2410 ग्रॅम. ‘‘मॅडम, पोटातल्या पोटात बाळ वाळतंय का हो?’’ एवढेच तिने विचारले. सासूबाईंनी तिला दिवसातून तीनदा तूप-भात द्यायला सुरुवात केली होती आणि तिला दोन रात्री झोप नव्हती.

मी तिला प्रथम आकड्याच्या पुढे छापलेले चिन्ह वाचायला सांगितले. पहिल्या अहवालात ‘± 362 ग्रॅम’, दुसऱ्यात ‘± 352 ग्रॅम’ असे होते, पण गोल मात्र त्याच्या अलीकडेच संपला होता. सोनोग्राफीचे यंत्र बाळाला तोलत नाही. ते डोक्याची रुंदी, डोक्याचा घेर, पोटाचा घेर आणि मांडीच्या हाडाची लांबी मोजते आणि बहुतेक ठिकाणी हॅडलॉक यांच्या 1985 च्या सूत्रात ही मापे घालून वजनाचा अंदाज काढते. सूत्र उत्तम असले तरी जन्मानंतरचे वजन त्या अंदाजाहून दहा-पंधरा टक्के इकडेतिकडे निघणे नेहमीचेच आहे. पहिल्या अहवालाचा अर्थ ‘2118 ते 2842’ आणि दुसऱ्याचा ‘2058 ते 2762’ असा घेतला, की दोन्ही आकडे जवळजवळ एकाच जागी येतात.

मग आम्ही मापे शेजारी ठेवून पाहिली. डोक्याचा घेर 314 वरून 318 मिलिमीटर झाला होता, मांडीचे हाड 67 वरून 68. फक्त पोटाचा घेर 308 वरून 296 वर आला होता. आठ दिवसांत पोट बारा मिलिमीटरने आकसल्याचे मानण्यापेक्षा ते दोन ठिकाणी वेगळ्या रीतीने मोजले गेले, हे अधिक संभवनीय होते. पोटाचा छेद किंचित तिरका घेतला गेला, की घेर वाढतो. बाळ घडी घालून बसले असेल, पाणी कमी असेल किंवा आईच्या पोटावर चरबीचा थर जाड असेल, तर कडा धूसर दिसतात. या काळात पोटाच्या घेरात एक सेंटिमीटरचा फरक पडला, की अंदाजात सुमारे पाच टक्क्यांचा, म्हणजे शंभर-सव्वाशे ग्रॅमचा फरक पडतो. म्हणूनच वाढ तपासायची असेल, तर दोन मोजण्यांत किमान दोन, शक्यतो तीन आठवडे असावेत आणि केंद्र तेच असावे.

तरीही ‘काही नाही, घरी जा’ असे मी म्हटले नाही. पोटाचा घेर खरोखरच मागे पडत असेल, तर ते वार (बाळाला पोषण पुरवणारा अवयव) नीट काम करत नसल्याचे लक्षण असू शकते, आणि ते ठरवणे माझे काम नव्हे. प्रसूतितज्ज्ञांनी त्याच दिवशी नाळेतील रक्तप्रवाहाची डॉप्लर तपासणी केली, गर्भजल पाहिले. दोन्ही ठीक होते. हालचाल कमी वाटली, तर वाट न पाहता त्याच दिवशी यायचे, हे मी तिला दोनदा सांगितले. सासूबाईंना तूप-भाताबद्दल रागावण्याचे कारण नव्हते. तीन वेळा तूप खाऊन अहवालातला आकडा सुधारत नाही, एवढे मात्र समजावले.

फोनवर असलेल्या नवऱ्याने विचारले, ‘‘एमआरआय केला तर नेमके कळेल का?’’ एमआरआयने काढलेला अंदाज काही अभ्यासांत सोनोग्राफीपेक्षा जवळचा आढळला आहे, पण ती तपासणी महागडी आहे, केवळ वजनासाठी नेहमी केली जात नाही, आणि येथे तिच्यामुळे निर्णय बदलणारही नव्हता.

दोन आठवड्यांनी पहिल्याच केंद्रात 2910 ग्रॅम आले. सहा दिवसांनी ती नैसर्गिकरीत्या बाळंत झाली आणि प्रसूतिकक्षातल्या काट्यावर मुलगी 2780 ग्रॅमची भरली.