कोकणात फक्त खेळांना वाहिलेले स्थानिक रेडिओ केंद्र कधी होते का? त्याचा इतिहास काय आहे?

खेळांसाठी स्वतंत्र असे रेडिओ केंद्र कोकण किनारपट्टीवर कधी होते का, आणि असल्यास ते कोणी व केव्हा सुरू केले, असा आपला प्रश्न आहे. असे केंद्र येथे कधीच नव्हते. तरीही कोकणाने रेडिओवर खेळ कसा ऐकला याला इतिहास आहे, आणि तो मला जवळून ठाऊक आहे. मी राजापूर तालुक्यातला, पेशाने शिक्षक, आणि बरीच वर्षे गावोगावच्या कबड्डी स्पर्धांत माइकवर समालोचन करत आलो आहे.

प्रथम असे केंद्र का झाले नाही ते सांगतो. चोवीस तास केवळ खेळांचे बोलणारे केंद्र न्यूयॉर्कमध्ये १९८७ साली सुरू झाले, तेव्हा आपल्याकडे रेडिओ म्हणजे आकाशवाणी आणि आकाशवाणी म्हणजे सरकार, एवढेच समीकरण होते. ध्वनिलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, त्यावर सरकारची मक्तेदारी असू शकत नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने १९९५ साली दिला, आणि तो खटलाही क्रिकेट सामन्यांच्या प्रक्षेपणावरूनच उभा राहिला होता. त्यानंतर काही वर्षांनी खासगी एफएम केंद्रे आली, पण ती मोठ्या शहरांत आणि गाण्यांसाठी. शिवाय एफएमच्या लहरी साधारण सरळ रेषेत जातात. आमच्याकडे एका वाडीतून दुसऱ्या वाडीत जाताना मध्ये टेकडी, पुढे खाडी, मागे सह्याद्री. लोकवस्ती विरळ, जाहिरातदार मोजके. अशा मुलखात केवळ खेळांवर केंद्र चालवणे कोणाला परवडणार?

मग खेळ ऐकू कोठून येत असे? मुंबईहून. मुंबई केंद्र २३ जुलै १९२७ रोजी सुरू झाले, आणि १९३४ साली बॉबी तल्यारखान यांनी मुंबईतल्या चौरंगी सामन्यांचे (युरोपीय, हिंदू, मुस्लिम आणि पारशी संघांच्या क्रिकेट स्पर्धेचे) समालोचन इंग्रजीतून केले, तेथपासून आपल्याकडच्या क्रिकेट समालोचनाची परंपरा मानली जाते. पुढे मराठीतून समालोचन करणाऱ्यांत बाळ ज. पंडित आणि वि. वि. करमरकर ही नावे घरोघरी पोहोचली. पायचीत, यष्टिचीत, निर्धाव षटक हे शब्द आमच्या आधीच्या पिढीने वर्तमानपत्रात वाचले असतील, पण ते जिभेवर बसले ते कानांनी ऐकून.

यात किनाऱ्याचा एक विशेष आहे, आणि तो मला फार मोलाचा वाटतो. मध्यम लहरींवरचे प्रक्षेपण खाऱ्या पाण्यावरून फारसे क्षीण न होता दूरवर जाते, कारण खारे पाणी विजेचे चांगले वाहक असते. कोरडा कातळ आणि डोंगर मात्र तीच लहर गिळून टाकतात. म्हणूनच जैतापूर, नाटे अशा समुद्रालगतच्या गावांत मुंबई केंद्र जेवढे स्वच्छ लागे, तेवढे ते घाटाच्या पायथ्याशी असलेल्या पाचलकडे लागत नसे. अंतर पाहिले तर फरक फार नाही, पण पाचलच्या माणसाला धावफलक ऐकण्यासाठी रेडिओ कानाला लावावा लागे. रत्नागिरीचे आकाशवाणी केंद्र १९७७ साली मध्यम लहरींवर ११४३ किलोहर्ट्झला सुरू झाले आणि घाटाखालच्या गावांनाही हक्काचा आवाज मिळाला. हवामान, शेती, मासेमारी आणि लोककला हा त्या केंद्राचा मुख्य विषय. खेळाला जागा मिळे ती त्यातूनच. दक्षिणेकडे, सावंतवाडी-वेंगुर्ल्याच्या बाजूला, पणजी केंद्र ऐकले जाई.

आता एक सामना सांगतो, म्हणजे ऐकणे कसे होते ते कळेल. ऑक्टोबर १९८६, वानखेडे मैदानावर भारत विरुद्ध ऑस्ट्रेलिया. आमच्याकडे भातकापणी चालू होती आणि खळ्यात झोडणी. काकांचा ट्रान्झिस्टर पडवीच्या कट्ट्यावर ठेवलेला असे, पण तो कसाही ठेवून चालत नसे. त्याच्या पोटात फेराइट या चुंबकीय पदार्थाची आडवी दांडी असते, तीच त्याची अँटेना, आणि ती केंद्राच्या दिशेला काटकोनात आली की आवाज भरतो, हे शास्त्र काकांना पुस्तकातून नव्हे, अनुभवाने ठाऊक होते. त्यांनी कट्ट्यावर कोळशाने एक रेघ ओढून ठेवली होती. रेडिओ त्या रेघेवर बसवला की मुंबई लागे. केर काढताना ती रेघ पुसली जाऊ नये म्हणून आजी तेवढी जागा सोडून केरसुणी फिरवत असे.

त्या डावात गावसकरांनी १०३ धावा केल्या, आणि त्यानंतर वेंगसरकर व शास्त्री यांनी सहाव्या गड्यासाठी २९८ धावांची अभेद्य भागीदारी केली; वेंगसरकर १६४, शास्त्री १२१, दोघेही नाबाद. दिलीप वेंगसरकर यांचा जन्म राजापूरचा, त्यामुळे आमच्या खळ्यावर त्यांची प्रत्येक धाव घरातली होती. राष्ट्रीय प्रसारण आलटून पालटून इंग्रजी आणि हिंदीतून होई. इंग्रजीची पाळी आली की काका झोडणीच्या आवाजावर आवाज चढवून मराठीत सांगू लागत, आणि आजी दर थोड्या वेळाने विचारी, "आपला राजापूरचा आहे ना अजून?" मी पहिले मराठी समालोचन ऐकले ते काकांचे, असे मी मनापासून मानतो.

माझ्या मते कोकणाचे खरे स्थानिक क्रीडा केंद्र म्हणजे गावच्या स्पर्धेतला माइक. भात घरात आल्यावर शिमग्यापर्यंत, आणि पुढे मे महिन्यात चाकरमानी गावी येतात तेव्हा, रात्रीच्या कबड्डी स्पर्धा आणि टेनिस चेंडूचे क्रिकेट सामने भरतात. झाडाला बांधलेले कर्णे शांत रात्री खाडीपलीकडे ऐकू जातात, आणि ज्यांना मैदानावर येता येत नाही ती म्हातारी माणसे अंथरुणात पडून सामना ऐकतात. पलीकडच्या गावातल्या एका आजोबांनी मला बजावले होते की, गुण सांगताना संघाचे नावही प्रत्येक वेळी घ्यावे, कारण त्यांना मैदान दिसत नाही. त्या दिवसापासून मी समोरच्या प्रेक्षकांसाठी बोलणे सोडले आणि त्यांच्यासाठी बोलू लागलो. चढाईपटू डाव्या कोपऱ्यातून शिरला की उजव्या, निदानरेषा (चढाई वैध ठरण्यासाठी ओलांडावी लागणारी रेषा) ओलांडली की नाही, बोनसच्या वेळी मागचा पाय उचललेला होता का, हे सर्व तीस सेकंदांच्या चढाईत सांगावे लागते. प्रो कबड्डी २०१४ साली सुरू झाल्यापासून मुलांना हे शब्द दूरचित्रवाणीवरून मिळतात. आधी ते कर्ण्यातून मिळत.

आपण स्वतः असे केंद्र सुरू करण्याच्या विचारात असाल, तर एक तरतूद उपयोगी पडेल. खासगी एफएमच्या २०११ सालच्या धोरणात मोठ्या सामन्यांच्या थेट प्रक्षेपणाला मुभा नाही, परंतु स्थानिक स्वरूपाच्या सामन्यांचे थेट समालोचन करता येते. म्हणजे वानखेडेवरचा कसोटी सामना नाही, पण राजापूरची तालुका कबड्डी स्पर्धा चालेल. याशिवाय २००६ च्या धोरणामुळे नोंदणीकृत स्वयंसेवी संस्थांनाही सामुदायिक रेडिओसाठी अर्ज करता येतो, मात्र त्याची क्षमता साधारणतः १०० वॅटपर्यंत, म्हणजे आजूबाजूच्या काही गावांपुरती असते. डोंगर पाहून मनोऱ्याची जागा निवडावी लागेल. मी असतो तर खाडीच्या तोंडाजवळचा उंच सडा, म्हणजे कातळाचे पठार, निवडला असता.

आणि इतिहास गोळा करायचा असेल, तर तो कागदावर फारसा मिळणार नाही, जुन्या कॅसेटींवर मिळेल. पूर्वी ध्वनिक्षेपकवाले अंतिम सामन्याचे समालोचन हौसेने टेप करत. माझ्या माळ्यावर अशा अकरा कॅसेटी होत्या. दमट हवेने नऊंना बुरशी धरली, दोन अजून वाजतात. त्यांतल्या एकीत शेवटची चढाई चालू असताना वीज जाते, कर्णा बंद पडतो, पण टेप बॅटरीवर असल्यामुळे चालूच राहतो, आणि अंधारात शे-दोनशे माणसे एका सुरात चढाईचे सेकंद मोजताना ऐकू येतात. ती कॅसेट आपल्याला ऐकवायला मला आवडेल.