पाचवा रविवार कोणाचा? मुलांचा ताबा आणि भेटीबद्दल तुमचे प्रश्न

इंदूरच्या कुटुंब न्यायालयात मी बरीच वर्षं प्रॅक्टिस करते आहे. या वेळी आलेले जवळजवळ सगळे प्रश्न मुलांच्या कस्टडीचेच आहेत, त्यातले पाच घेतले, नावं आणि ओळख पटेल असं सगळं काढून टाकलंय. फाइल न बघता मी फक्त रस्ता दाखवू शकते, तुमचे कागद तुमच्या वकिलाला दाखवूनच पुढचं पाऊल टाका.

प्रश्न : बायको आठ महिन्यांपूर्वी आमच्या साडेतीन वर्षांच्या मुलाला घेऊन पुण्याला माहेरी गेली, तिथेच नर्सरीत घातलं. माझा फोनसुद्धा देत नाही. मित्र म्हणतो हायकोर्टात हेबियस कॉर्पस टाक, चार दिवसांत मूल हातात. टाकू का?

नका टाकू. हेबियस कॉर्पस म्हणजे कोणी बेकायदा डांबून ठेवलंय म्हणून सोडवून आणायची याचिका, आणि साडेतीन वर्षांचं मूल आईजवळ आहे याला कोर्ट सहसा बेकायदा म्हणत नाही. सुप्रीम कोर्टाने २०१९ मध्ये तेजस्विनी गौड केसमध्ये हे नीट सांगितलंय, की ही याचिका ताबा बेकायदा असेल तेव्हाच, बाकी वेळी रस्ता गार्डियन्स अँड वॉर्ड्स ॲक्टचा, म्हणजे मुलांच्या पालकत्वाच्या कायद्याचा. तो कायदा १८९० चा आहे पण आजही तोच चालतो, आणि त्याचं कलम ९ म्हणतं की मूल नेहमी जिथे राहतं तिथल्या कोर्टात अर्ज करायचा. आठ महिने झाले, शाळाही तिथलीच, म्हणजे तुमचा अर्ज बहुतेक पुण्यातच लागेल. हां, पण घटस्फोटाची केस इंदूरात चालू असेल तर त्याच केसमध्ये हिंदू विवाह कायद्याच्या कलम २६ खाली मुलाच्या भेटीचा अर्ज लावता येतो, म्हणजे वेगळी केस लढायला नको, हे वकिलाला आधी विचारा.

आणि पहिल्याच अर्जात पूर्ण कस्टडी मागून बसू नका. तुम्हाला राग आलाय, तो मला कळतो, पण आठ महिने न भेटलेलं लहान मूल एकदम तुमच्याकडे राहायला पाठवा असं कोणतं कोर्ट म्हणेल? आधी अंतरिम, म्हणजे केसचा निकाल लागेपर्यंतची, भेट मागा. आठवड्यातून तीनदा दहा-पंधरा मिनिटं व्हिडिओ कॉल, वेळ ठरलेली, आणि महिन्यातून एक शनिवार-रविवार पुण्यातच भेट. रात्रीची बस पकडली की सकाळी पोचता. यशिता साहू केसमध्ये, २०२० साली, सुप्रीम कोर्टाने म्हटलंय की ज्याच्याकडे मूल नाही त्याला भेटीशिवाय बोलण्याचाही हक्क आहे, व्हिडिओ कॉलसकट. मुलाला तुमचा चेहरा आठवत राहिला पाहिजे, सध्या तेवढंच महत्त्वाचं.

प्रश्न : मुलगी पुढच्या महिन्यात पाच पूर्ण करते. सासूबाई सगळ्यांना सांगत फिरतात की पाच झाली की कायद्याने मुलगी बापाची. रात्र रात्र झोप लागत नाही ताई.

झोपा. असा कायदा नाही. हिंदू मायनॉरिटी अँड गार्डियनशिप ॲक्ट, १९५६ च्या कलम ६ मध्ये लिहिलंय की पाच वर्षांखालच्या मुलाचा ताबा साधारणपणे आईकडे राहील, लोकांनी त्याचा उलटा अर्थ काढलाय की पाचव्या वाढदिवसाला केक कापला की बाप घेऊन जाणार. त्याच कायद्याचं कलम १३ सांगतं की मुलाचं भलं सगळ्यात वर. मुलगी कोणाकडे रुळली आहे, शाळा कुठली, तिला रात्री ताप आला तर उठतं कोण, हे बघितलं जातं. आणि बापच गार्डियन, आई नंतर, हे जे ऐकवतात त्याचं उत्तर सुप्रीम कोर्टाने १९९९ मध्ये गीता हरिहरन केसमध्येच दिलंय, की बाप हयात असतानाही आई नैसर्गिक पालक असू शकते.

वकिलाची फी जमत नसेल तर जिल्हा कोर्टातल्या विधिक सेवा प्राधिकरणात जा. बाई असाल तर उत्पन्न न बघता फुकट वकील मिळतो, १९८७ च्या कायद्यातच आहे. फोन नंबर १५१००.

प्रश्न : आम्ही दोघं संमतीने वेगळं होतोय, भांडण नाही. मुलगा सात वर्षांचा, माझ्याकडे राहील. वकील म्हणतात "वडिलांना वाजवी भेटीचा हक्क राहील" एवढं लिहिलं की पुरे. खरंच पुरे का?

अजिबात नाही, आणि याच प्रश्नावर मी जास्त लिहिणार आहे कारण नंतरची निम्मी भांडणं या एका "वाजवी" शब्दातून निघतात. आज तुमचं जमतंय, उद्या कोणाचं दुसरं लग्न होईल, कोणाची बदली होईल, मग वाजवी म्हणजे काय हे ठरवायला पुन्हा कोर्टात पेशी.

माझ्याकडे एक केस होती. समझोत्यात लिहिलं होतं "पहिला आणि तिसरा रविवार". बापाच्या डोक्यात ते "एक आड एक रविवार" असं बसलं होतं. मग पाच रविवारांचा महिना आला. पाचव्या रविवारी सकाळी तो मुलीला न्यायला आला, तिला त्याने फोनवर सांगितलं होतं म्हणून ती नवीन सँडल घालून, पाण्याची बाटली गळ्यात अडकवून नऊपासून ओट्यावर बसलेली, आणि आई म्हणाली आज तुझा रविवार नाही. दोघंही आपापल्या जागी खरे होते. मुलगी संध्याकाळपर्यंत सँडल काढेना. नंतर काउन्सेलरसमोर तिने पहिला प्रश्न विचारला, "आज कितवा रविवार आहे?" सहा वर्षांची होती.

म्हणून तारखेपासून लिहा. अमुक शनिवारपासून एक आड एक वीकेंड, शनिवारी शाळा सुटल्यावर ते रविवारी संध्याकाळी सहा. कुठून घ्यायचं, कुठे सोडायचं, घराच्या दारात तणाव होत असेल तर शाळेचं गेट नाहीतर आजोबांचं घर. कोण घ्यायला येऊ शकतं, फक्त बाबा की काकाही. उशीर किती चालेल, मी अर्धा तास लिहिते, त्याहून जास्त झाला तर मेसेज. मूल आजारी पडलं आणि भेट बुडली तर भरपाईचा दिवस कोणता.

सणांचं वेगळं लिहा, आणि आपल्या घरचे सण लिहा, कोणाच्या तरी जुन्या ड्राफ्टमधले नकोत. गणपती एका घरी बसत असतील तर स्थापना त्या घरी, दिवाळीत लक्ष्मीपूजन एका वर्षी इकडे एका वर्षी तिकडे, बहीण असेल तर भाऊबीज. आणि इंदूरात रंगपंचमीची गेर, म्हणजे रंगांची मिरवणूक, ती विसरू नका, आपल्याकडच्या मुलांना ती होळीपेक्षा मोठी, राजवाड्याला कोणाबरोबर जायचं यावरून मी दोन घरांना कोर्टात परत आलेलं बघितलंय. उन्हाळ्याच्या सुट्टीचे अर्धे अर्धे आठवडे, तारखा मार्चअखेरपर्यंत ठरवायच्या. परीक्षेच्या आठवड्यात काय. वाढदिवस. पासपोर्ट कोणाकडे, परदेशी न्यायचं असेल तर लेखी संमती किती दिवस आधी. शाळेची फी, कोचिंग, डॉक्टर कोण भरणार. शाळेच्या व्हॉट्सॲप ग्रुपमध्ये दोघांचे नंबर, हे छोटं वाटतं पण बाप कितीदा फक्त याच्यामुळे बाहेर पडतो.

आणि हे सगळं संमतीच्या घटस्फोटाच्या अर्जाबरोबर लावा, म्हणजे निकालाचा भाग होतं. घरी स्टॅम्प पेपरवर लिहून कपाटात ठेवलं तर त्यावर थेट अंमलबजावणी मागता येत नाही. पुढे मुलगा मोठा झाला की बदलता येईल, कस्टडीची ऑर्डर कधीच दगडावरची रेघ नसते, परिस्थिती बदलली की कोर्ट बदलतं.

प्रश्न : नवरा सहा महिने खर्च देत नाही. मी भेट बंद केली तर चुकलं का?

चुकलं. राग बरोबर आहे, पण पैसे आणि भेट हे दोन वेगळे अर्ज आहेत. खर्चासाठी जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १२५ चा जो अर्ज होता तो १ जुलै २०२४ पासून नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४४ मध्ये आहे, ऑर्डर झालेली असेल तर वसुलीचा अर्ज लावा. घटस्फोटाची केस चालू असेल तर मुलाच्या खर्चाचा आणि शिक्षणाचा अर्ज, नोटीस पोचल्यापासून होईल तितकं साठ दिवसांत निकाली काढावा असं हिंदू विवाह कायद्याच्या कलम २६ मध्ये आहे, तारीख पुढे जायला लागली की वकिलाला हे आठवून द्या. भेट तुम्ही स्वतःहून बंद केली तर पुढच्या पेशीला नवऱ्याच्या थकबाकीऐवजी तुमचंच वागणं चर्चेत येतं. मुलाला तर एवढंच कळतं की बाबा आले नाहीत.

प्रश्न : आमचा मुलगा दोन वर्षांपूर्वी गेला. सून नातवाला घेऊन तिच्या आईकडे राहते, इंदूरातच. नातू नऊ वर्षांचा. आम्हाला कस्टडी नको, फक्त बघायचंय. काही हक्क आहे का?

आजी, खरं सांगते, आजी-आजोबांच्या भेटीचं वेगळं कलम आपल्याकडे नाही. मुलगा गेल्यावर नातवाची पालक त्याची आईच. पण मुलाच्या भल्यासाठी कोर्ट आजी-आजोबांना भेट देऊ शकतं, आणि दिल्याची उदाहरणं आहेत. नऊ वर्षांचा आहे, म्हणजे जज साहेब त्याला चेंबरमध्ये बसवून स्वतः विचारू शकतात, समज आलेल्या मुलाचं म्हणणं ऐकून घेता येतं असं १८९० च्या कायद्याच्या कलम १७ मध्येच आहे. त्याआधी त्याला कोणी पढवू नये, पढवलेलं दोन प्रश्नांत उघडं पडतं.

केस लगेच नका करू. आधी विधिक सेवा प्राधिकरणात मध्यस्थीसाठी अर्ज द्या, ते सुनेला बोलावतील, समोरासमोर बसवतील. अर्जात कस्टडी हा शब्द कुठेही येऊ देऊ नका, तिची खरी भीती तीच असणार. महिन्यातून दोन रविवार, दोन तास, जागा सुनेला सोयीची, हवं तर ती स्वतः बरोबर बसेल, एवढंच मागा. नातवाच्या बापाचे लहानपणचे फोटो असतील तर पहिल्या भेटीला ते घेऊन जा.