समुद्राकडे पाठ करून घर बघ

तुला सप्रेम आशीर्वाद.

तुझं पत्र वाचलं, फोटोही नीट पाहिले. बारा फोटो आहेत आणि त्यातले अकरा समुद्राचे आहेत. बाराव्यात घर आहे, पण कोपऱ्यात आणि निम्मंच. विहीर एकातही नाही. तुझा घोळ कुठे झालाय ते मला तिथेच कळलं.

तू विचारतेस, मालवणकडचे समुद्र दिसणारे ३ गुंठे घ्यावेत, की देवगड तालुक्यातलं, किनाऱ्यापासून दीड किलोमीटर आतलं जुनं कौलारू घर? हातात ३० लाख, घरात दोन मुलं आणि गुडघे दुखणाऱ्या सासूबाई. मला एकच गोष्ट सांगायची आहे, आणि पत्र संपेपर्यंत मी तीच सांगत राहणार आहे: समुद्राकडे पाठ करून घर बघ. अगदी शब्दशः. पुळणीवर, म्हणजे किनाऱ्याच्या वाळूत, उभी राहा आणि मागे वळ. समोर जे दिसेल, म्हणजे रस्ता, विहीर, डोंगराचा उतार, शेजारची चार घरं, विजेचा खांब, ते तू विकत घेणार आहेस. समुद्र विकत मिळत नाही. तो चालत जाऊन रोज बघता येतो आणि त्याला सातबारा लागत नाही.

कोकणातली जुनी घरं बघ. किनाऱ्यापासून हाकेच्या अंतरावर असतात, पण मध्ये माडाची वाडी असते, नाहीतर एखादी टेकडी असते. त्या माणसांना समुद्र आवडत नव्हता असं नाही. पावसाळ्यात पश्चिमेचा वारा भिंतीवर आडवा पाऊस मारतो आणि खारा वारा बाराही महिने लोखंड खातो, हे त्यांना माहीत होतं. आपण मात्र ‘सी व्ह्यू’ म्हणून त्याच वाऱ्याला तोंड देणारी खोली जास्त पैसे मोजून घेतो.

आधी त्या ३ गुंठ्यांचं बोलू, कारण ते लवकर संपेल. एजंटाने तुला जो सातबारा पाठवलाय त्यावर २८ गुंठे आणि नऊ नावं आहेत. म्हणजे तुला स्वतंत्र प्लॉट मिळत नाहीये. तुझं दहावं नाव त्याच सातबाऱ्यावर सामाईक चढणार आहे. तुकडेबंदीमुळे, म्हणजे शेतजमिनीचे फार लहान तुकडे करायला कायद्याने बंदी असल्यामुळे, तुकडा वेगळा करता येत नाही, म्हणून ही वाट काढलेली असते. उद्या बांधकाम परवानगी मागायला गेलीस की बाकीच्या नऊ जणांच्या सह्या लागतील. तुकडेबंदीचे नियम आणि सवलती अलीकडे बदलत आहेत, तेव्हा एजंटाचं ऐकू नकोस. दुय्यम निबंधकांच्या कार्यालयात जाऊन आजचा नियम विचार. शिवाय जमीन शेतीची आहे. कुळकायद्याच्या कलम ६३ प्रमाणे शेतकरी नसलेल्या माणसाला ती जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय घेता येत नाही. तुझ्या माहेरच्या सातबाऱ्यावर तुझं नाव आहे का, हे तू पत्रात लिहिलंच नाहीस.

आणि भरतीरेषा? तू लिहितेस, ‘समुद्र अगदी समोर, शंभरेक मीटरवर’. हे तू आनंदाने लिहिलंयस. भरतीरेषेपासून ५०० मीटरचा पट्टा सीआरझेडमध्ये, म्हणजे किनाऱ्यावरच्या बांधकामावर निर्बंध असलेल्या क्षेत्रात येतो. २०१९ च्या अधिसूचनेप्रमाणे ग्रामीण किनाऱ्यावर, जिथे २०११ च्या जनगणनेत दर चौरस किलोमीटरला २१६१ पेक्षा जास्त वस्ती आहे तिथे ५० मीटर आणि बाकी ठिकाणी २०० मीटर हा ना-विकास पट्टा. कोकणातली बहुतेक गावं एवढी दाट नाहीत. म्हणजे तुझ्या शंभर मीटरवर नवं घर उभं राहणार नाही. खाडीकाठी हे अंतर ५० मीटर किंवा खाडीची रुंदी, जे कमी असेल ते. गट नंबर घेऊन नगररचना कार्यालयातून झोन दाखला काढ आणि सीआरझेडच्या मंजूर नकाशावर तो गट कुठे पडतो ते लेखी घे. ‘सगळे बांधतात, काही होत नाही’ हे वाक्य ज्याच्या तोंडून येईल त्याच्याशी पुढे बोलू नकोस. त्या ३ गुंठ्यांचा विषय माझ्या लेखी संपला.

आता देवगडचं घर. इथे मात्र घाई करू नकोस, कारण हे घर मिळण्याजोगं आहे.

पहिली विहीर. मे महिन्याच्या दुसऱ्या पंधरवड्यात जा. त्याआधी नाही. जानेवारीत कोकणातली जवळजवळ प्रत्येक विहीर भरलेली आणि गोड असते, जानेवारीतल्या पाण्यावर घर ठरवू नये. खिशात मावणारा टीडीएस मीटर घे, तो पाण्यात विरघळलेले क्षार मोजतो. पहिली बादली काढलीस की आकडा लिहून ठेव. मग पंप दोन तास चालू ठेव आणि पुन्हा मोज. पहिल्यांदा ३५० आणि दोन तासांनी ३८० आला तर विहीर चांगली. ३५० चे ९०० झाले तर खालून खारं पाणी ओढलं जातंय. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात टीडीएस लिटरमागे ५०० मिलिग्रॅमच्या आत हवा. २००० ही दुसरी काहीच सोय नसेल तेव्हाची शेवटची मर्यादा. क्लोराइड २५० च्या आत हवं. ते मीटरवर कळत नाही, त्यासाठी बाटली भरून प्रयोगशाळेत दे.

असं का होतं ते समजून घे, म्हणजे पुढे स्वतःच्या हाताने विहीर नासवणार नाहीस. किनाऱ्याच्या वाळूत गोडं पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगत असतं. समुद्रसपाटीच्या वर गोड्या पाण्याची पातळी १ फूट असेल, तर खाली साधारण ४० फूट गोडं पाणी असतं. पातळी १ फूट उतरवलीस की खारं पाणी त्याच हिशेबाने ४० फुटांपर्यंत वर सरकू शकतं. म्हणून किनाऱ्याच्या पट्ट्यात मोठा पंप आणि खोल बोअर म्हणजे पाण्याचा घात. अर्धा एचपीचा पंप, दिवसातून दोनदा थोडा थोडा वेळ, आणि वर २००० लिटरची टाकी. पाच माणसांना दिवसाला ६७५ लिटर धरले तर तीन दिवस निघतात. दीड किलोमीटर आत, कातळाच्या उतारावर असलेल्या विहिरीला हा धोका पुष्कळ कमी. समुद्राकडे पाठ करून बघ म्हणतो ते याच्यासाठीच.

छपराचं पाणीही वाया घालवू नकोस. १००० चौरस फुटांच्या छपरावर ३००० मिलिमीटर पावसात पावणेतीन लाख लिटरच्या आसपास पाणी पडतं. सगळं साठवायचं नाही. पिण्या-स्वयंपाकाला दिवसाला १०० लिटर धर. १०,००० लिटरची झाकलेली टाकी मार्च ते मे तीन महिने भागवते. पहिल्या दोन-तीन सरींचं पाणी सोडून दे, त्यात कौलांवरची धूळ आणि पक्ष्यांची घाण असते.

ती विहीर चुलतघराशी सामाईक आहे असं तू ओझरतं लिहिलंयस. ओझरतं लिहिण्याची ती गोष्ट नाही! विहिरीतला हिस्सा, पाणी भरण्याचा, पंप बसवण्याचा आणि पाइप नेण्याचा हक्क खरेदीखतात शब्दांत यायला हवा. तसंच वाटेचं. घरापर्यंत गाडी जात नाही, शेवटचे ६० मीटर पाखाडी, म्हणजे पायऱ्यांची वाट आहे. मग ती पाखाडी कुणाच्या गटातून जाते? वहिवाट नकाशावर आहे का? गॅसचा सिलिंडर त्याच पायऱ्यांनी येणार, आणि सासूबाईंना रात्री दवाखान्यात न्यायची वेळ आली तर १०८ ची गाडी वरच थांबणार. पायऱ्या मोज. त्यांना एकदा प्रत्यक्ष चढायला लाव.

घराची तपासणी मिस्त्रीला घेऊन कर, पण काही गोष्टी तुझ्या तुला कळतील. लांबून आढ्याची रेषा आभाळावर बघ. मध्येच खाली झुकली असेल तर आतलं लाकूड दमलंय. वाशांची टोकं जिथे भिंतीत शिरतात तिथे स्क्रू-ड्रायव्हर टोच. साग, फणस, किंजळ असेल आणि पोलाद लागल्यासारखं अडलं तर चांगलं, लोण्यासारखं आत गेलं तर वाळवी. भिंतीवर मातीच्या बारीक नळ्या दिसतात का बघ. जांभ्याच्या चिऱ्याची भिंत पाणी पिते आणि उन्हात सोडते. तिला बाहेरून सिमेंटचा गिलावा केला असेल तर ओल आत कोंडते आणि पोपडे माजघराच्या बाजूला निघतात. पश्चिमेच्या भिंतीला पूर्वी पावसाळ्यात झावळ्यांची झडी बांधत, ती अजून कुणी बांधून देतं का विचार. शाकारणीला, म्हणजे पावसाआधी कौलं नीट करायला, माणूस मिळतो का, माकडं कौलं फोडतात का, हेही विचार. फुटक्या कौलाखालचा वासा दोन पावसाळ्यांत जातो.

मागे नंतर बांधलेली स्लॅबची खोली आहे ना, तिच्याकडे फार बारकाईने बघ. खाडीची वाळू न धुता वापरली असेल तर तिच्यातलं मीठ सळई गंजवतं, गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा व्यापतो आणि काँक्रीट आतून फाकतं. छताला दांड्याने हळू ठोक. ठणठणीत आवाज आला तर ठीक, पोकळ आला किंवा तपकिरी रेषा दिसल्या तर त्या खोलीची किंमत शून्य धर. पाडायचा खर्च उलट त्यातून वजा कर. नवीन स्क्रू, बिजागऱ्या, कड्या ३१६ ग्रेडच्या स्टेनलेस स्टीलच्या घे, साध्या, जस्ताचा मुलामा दिलेल्या लवकर सडतात.

तीस लाखांतले २० घराला, ६ दुरुस्तीला, ४ हातात. सगळे तीस कागदावर घालवलेस तर पहिल्याच आषाढात कर्ज काढशील.

आता या घराचा सातबारा. सतरा नावं आहेत आणि ती बघून तू घाबरलीस. घाबरू नको, पण एकही नाव सोडू नको. फेरफार, म्हणजे मालकी बदलल्याच्या नोंदी, मागे मागे वाचत जा. मयत कोण, वारस नोंदी झाल्या का, लग्न होऊन गेलेल्या बहिणींची नावं आहेत का, आणि नसतील तर नोंदणीकृत हक्कसोड आहे का. मुंबईला असलेला एक पुतण्या ‘तो काही म्हणणार नाही’ असं सगळे सांगतील. त्याची सही घे, म्हणणं नको. अविभक्त कुटुंबाच्या राहत्या घरातला नुसता हिस्सा परक्याने घेतला, तर मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम ४४ प्रमाणे त्याला संयुक्त ताबा मागता येत नाही. म्हणजे पैसे देऊन बाहेर उभं राहायचं. इतर हक्कांच्या रकान्यात कुळाचं नाव, कुळकायद्याच्या कलम ४३ ची (परवानगीशिवाय विकता न येण्याची) शर्त, खाजगी वन असा शेरा आहे का ते बघ. ग्रामपंचायतीचा घरपट्टीचा उतारा तुझ्याकडे आहे, तो कर भरल्याचा कागद आहे, मालकीचा नाही. मालकीचा तीस वर्षांचा शोध वकिलाकडून, जाहीर नोटीस स्थानिक पेपरात, भूमी अभिलेखची मोजणी तुझ्यासमोर. हे तिन्ही झाल्याशिवाय मोठी रक्कम नाही. आणि विसार रोखीत मागितला तर नाही म्हण. स्थावराच्या व्यवहारात २०,००० किंवा त्याहून जास्त रोख घेणं आयकर कायद्यात बसत नाही.

गर्दीचं तू विचारलंस. लोक देवळाला, किल्ल्याला आणि पाण्यातल्या खेळांना जातात, म्हणून गणपतीपुळे, हर्णे-मुरुड, तारकर्ली भरतात. राजापुरात वेत्ये, आंबोळगड, देवगडात मिठबाव, तांबळडेग, मुणगे, वेंगुर्ल्यात खवणे, केळूस, मोचेमाड इथे अजून श्वास घेता येतो. पण ‘इथे गर्दी का नाही’ हे प्रत्येक गावात विचार. एसटी कमी आहे म्हणून असेल तर चालेल. पाणी नाही म्हणून असेल तर नाही. रेवस-रेड्डी सागरी महामार्गाची आखणी कुठून जाते, एखादा मोठा प्रकल्प जवळ येऊ घातलाय का, हे तलाठ्याकडे आणि चहाच्या टपरीवर, दोन्हीकडे विचार. २५ ते ३१ डिसेंबरमध्ये एकदा जा, तेव्हा गावाचं खरं माप कळतं. सुरूच्या बनातली मुळं उघडी पडलेली दिसली, तर समुद्र आत येतोय. आणि जुलैत जा. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळानंतर कित्येक गावांत वीज यायला आठवडे लागले. मुलांना त्या अंधारात ठेवायची तयारी आहे का, हे मे महिन्यातल्या संध्याकाळी कळत नाही.

माझा हा हट्ट लोकांना भित्रेपणा वाटतो. वाटो. मला हळहळ एकाच गोष्टीची आहे, की हे वाक्य मी बहुतेकांना विसार देऊन झाल्यावर सांगत आलो. तू अजून दिलेला नाहीस, म्हणून इतकं रागावून लिहिलं. घर तुला मिळावं, मुलं रोज संध्याकाळी दीड किलोमीटर चालत पुळणीवर जावीत, असं मला फार वाटतं.

१६ मेनंतरची कणकवलीची तिकिटं आत्ताच काढ, तेव्हा चाकरमान्यांची गर्दी असते. मीटर, दोन बाटल्या, स्क्रू-ड्रायव्हर, वही. भर दुपारी विहिरीवर पोच. पहिली बादली आणि दोन तासांनंतरची, दोन्ही आकडे त्याच रात्री मला कळव.