ठिबकणारा नळ आणि चिपळूणचा प्लंबर

प्रश्न : गुहागरला आमच्या न्हाणीतला नळ रात्रंदिवस ठिबकतो. प्लंबर चिपळूणहून येतो. कामापेक्षा त्याच्या येण्याजाण्याचाच खर्च जास्त. घरच्या घरी काही करता येईल का?

उत्तर : ताई, आधी पाणी कुठून येतंय ते बघा. तोटीतून ठिबकत असेल तर वायसर (नळातली रबरी चकती) गेलाय, मुठीखालून झिरपत असेल तर तिथला नट थोडा आवळा, बहुतेक वेळा भागतं. वायसर काही रुपयांत मिळतो. जुना काढून दुकानात न्या, अंदाजाने आणू नका. मी एकदा तीन फेऱ्या मारल्यात! टाकीचा व्हॉल्व्ह बंद करून नळ उघडा ठेवा, मगच पान्याला हात घाला. मोरीच्या भोकावर फडकं टाका, नाहीतर स्क्रू गेलाच.

पितळी नळाची आतली बैठकच (वायसर टेकतो ती जागा) खरवडली असेल तर नवा वायसरही टिकत नाही. मग नळच बदला, आणि खाऱ्या वाऱ्यात लोखंडी जोड नकोच, प्लास्टिकचा घ्या. जोड गळू नये म्हणून लावायची टेफ्लॉन टेप आट्यांच्या दिशेनेच गुंडाळा, उलटी गुंडाळलीत तर आवळताना सुटते.

सेकंदाला एक थेंब म्हणजे दिवसाला चार लिटरच्या वर पाणी. पंपाचं बिल तुम्हीच भरता ना?